ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आलीस तेव्हा तुरीचे सौदे चालू होते. त्या गलक्यात उभ्या उभ्या विचारलंस, "काका, डाळमिल टाकतेय, कराच्या कामाला वकील कोण लावू? आमच्या चौकातला निम्म्या पैशात करतो म्हणतो." मी मान हलवली ती हमालाकडे बघून. तू ती होकाराची समजून गेलीस की काय, अशी धास्ती वाटली. आज रविवार, दुकान बंद, म्हणून निवांत लिहितोय.

आपल्याकडे कराचं काम करणाऱ्या कुणालाही वकीलच म्हणतात. सेल्स टॅक्सच्या जमान्यापासूनची खोड आहे ती. पण त्या एका शब्दात तीन वेगळी माणसं आहेत. रोजची बिलं संगणकावर, टॅली नावाच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये चढवतो तो अकाउंटंट, जुन्या भाषेत मुनीम. जीएसटीची विवरणपत्रं भरतो, नोटीस आली तर उत्तर देतो तो कर सल्लागार. आणि ऑडिटवर सही करायचा अधिकार ज्याला आहे तो सीए. तुझ्याएवढ्या धंद्याला तिघं वेगवेगळे लागत नाहीत, एकाच ऑफिसात तिन्ही कामं होतात. फक्त कोणत्या कामाला कुणाची सही चालते ते माहीत असावं. बँकेला सीएचं प्रमाणपत्र द्यायची वेळ तुझ्यावर येणारच. त्यावर यूडीआयएन नावाचा अठरा अक्षरांचा क्रमांक असतो. २०१९ पासून तो सक्तीचा आहे आणि सीएंच्या संस्थेच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. मीही तपासतो, सीए ओळखीचा असला तरी.

आता माझीच फजिती सांगतो. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के जीएसटी लागला. माझी किलोची आणि पाच किलोची पाकिटं त्यात आली. तेव्हाचा माझा वकील मोठा बोलका माणूस. महिना संपला की "शेठ, एवढे पाठवा" म्हणायचा. मी त्याच्या खात्यावर टाकायचो आणि मोकळा व्हायचो. दिवाळी झाली आणि सोलापूरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, "तुमची बिलं आमच्या टूबीत दिसेनात. पेमेंट थांबवलंय."

टूबी म्हणजे दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होणारी यादी. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी आपली कोणती बिलं दाखवली, ते त्यात दिसतं. यादीत बिल नाही तर घेणाऱ्याला त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, नाही. म्हणजे माझ्यापायी त्या माणसाचे पाच टक्के अडकून पडले होते. तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं.

तसाच वकिलाकडे गेलो. म्हटलं, पोर्टल उघडा. तर म्हणतो, "ओटीपी दुसऱ्या मोबाईलवर येतो शेठ, तो घरी राहिला." धंदा माझा, जीएसटी नंबर माझा, आणि ओटीपी याच्या घरच्या मोबाईलवर! रजिस्ट्रेशन करताना मोबाईल आणि ईमेल दोन्ही त्याने स्वतःचे घातले होते. सही करताना मी वाचलं नव्हतं. चहा आला होता, चहा पीत होतो.

मग जीएसटी कार्यालयाच्या खेपा. पॅन, ओळखपत्र, दुकानाचे कागद दाखवून अधिकाऱ्याकडून मोबाईल आणि ईमेल बदलून घेतले. ही सोय २०१८ मध्येच करून ठेवलेली होती, कारण मध्यस्थांनी स्वतःचेच नंबर घातल्याच्या तक्रारी तेव्हापासून होत्या. म्हणजे खुळा मी एकटाच नव्हतो. पोर्टल उघडलं तर चार महिन्यांची विवरणपत्रं भरलेलीच नाहीत. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, त्याला निदान वरची मर्यादा असते. १८ टक्के व्याजाला ती नसते. एकदा दिलेला कर पुन्हा भरला. वकिलाने अर्धे परत केले, उरलेल्या अर्ध्याची वाट मी आता बघत नाही.

तेव्हा कुणाकडेही जा, रजिस्ट्रेशनला मोबाईल तुझा आणि ईमेल तुझा. कराचे पैसे तुझ्या खात्यातून, तुझ्या नेटबँकिंगने, थेट सरकारच्या चलनावर. वकिलाच्या खात्यावर जाईल ती फक्त त्याची फी. विवरणपत्र भरलं की एआरएन नावाची पोच येते, ती त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्यायची. "दरवेळी तुम्हाला ओटीपी विचारत बसायचं म्हणजे काम अडतं," असं कुणी म्हणालं तर अडू दे. आणि तूही ओटीपी सांगण्याआधी विचार, कशासाठी पाहिजे? मी आता हे इतकं विचारतो की माझा सध्याचा सीए फोन उचलतानाच "थ्रीबीचा आहे काका" म्हणतो. थ्रीबी म्हणजे कर भरायचं विवरणपत्र.

चौकातल्या त्या वकिलाचं म्हणशील, तर मला त्याची फी खटकली नाही. तू म्हणालीस, "तो म्हणतो कंपोझिशन घेऊन टाका, भानगडच नको." ते खटकलं. कंपोझिशन म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्का भरून मोकळं व्हायची जीएसटीतली सोय. ती सुचवण्याआधी त्याने तुला एक तरी प्रश्न विचारला का? डाळ सुटी विकणार की पाकिटात? गिऱ्हाईक कुठलं? मशीन घेतलं की घ्यायचंय?

कंपोझिशन वाईट नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या किराणा दुकानदाराला ते सोयीचंही पडतं. पण दुकानदाराचा एक टक्का फक्त करपात्र विक्रीवर असतो आणि उत्पादकाचा एक टक्का सगळ्या उलाढालीवर. तू डाळमिल टाकणार, म्हणजे उत्पादक. एरवी तीस किलोच्या कट्ट्यातली डाळ बिनकराची, पण कंपोझिशनमध्ये शिरलीस की तिच्यावरही एक टक्का तुझ्या खिशातून, कारण बिलात कर लावून गिऱ्हाईकाकडून तो घेता येत नाही. दुसरं, कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. तुझं गाव उदगीरच्या अंगाला, कर्नाटकातलं बिदर हाकेच्या अंतरावर. तिथल्या किराणावाल्याने चार कट्टे मागितले तर काय सांगणार? आणि तिसरं, मशीनच्या बिलावर जो जीएसटी भरशील त्याचं क्रेडिट विसरायचं.

मशीनचं तर कंपोझिशन नसलं तरी नीट बघावं लागतं. नुसती सुटी डाळ विकलीस तर तो माल करमुक्त, मग मशीनवरचा कर मशीनच्या किमतीतच गेला. पाकिटं विकलीस तर क्रेडिट मिळतं. दोन्ही केलंस तर विक्रीच्या प्रमाणात, पाच वर्षांत वाटून. हा हिशेब मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी मांडायचा असतो. मार्चमध्ये बिलांची पिशवी घेऊन गेलीस तर चांगला सीएसुद्धा नुसती बेरीज करून देईल. म्हणून मी माणूस पारखतो तो त्याच्या प्रश्नांवरून. पहिल्या भेटीत जो तुझ्याबद्दल विचारण्यापेक्षा स्वतःबद्दलच जास्त बोलतो, त्याच्याकडचा चहा घे आणि ये.

आपला धंदा त्याला कळतो का, हे बघायचा माझा एक खडा आहे. विचारायचं, "चुनीवर कर किती?" चुनी आणि चिलक्यावर, म्हणजे डाळ करताना निघणाऱ्या कण्या-टरफलांवर, कर लागतो की नाही याचा घोळ मोंढ्यात कैक दिवस चालला होता. १ जानेवारी २०२३ पासून तो मिटला, कर शून्य. पुण्याच्या एका हुशार पोराला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "चुनी म्हणजे?" हुशार होता, पण मला त्याला आधी डाळमिल शिकवावी लागली असती. ऑनलाइन काम करणारे परगावचे लोक स्वस्त पडतात आणि व्यवस्थितही असतात, नाही म्हणत नाही. आडतीची पट्टी, म्हणजे शेतमालाच्या सौद्याची पावती, त्यांना वाचता आली पाहिजे, एवढंच.

दुसरा खडा कुणाला फारसा माहीत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही जीएसटी नंबर टाकला, तर लॉगिन न करतासुद्धा त्याने कोणतं विवरणपत्र कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं. ज्या वकिलाकडे जायचं मनात आहे, त्याची दोन-तीन दुकानं तुला माहीत असतीलच. त्यांच्याकडून काहीतरी खरेदी कर, बिलावर आकडे-अक्षरं मिळून पंधरांचा हा नंबर असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा. तो टाकून तारखा बघ. एखादा महिना मागेपुढे झाला तर दुकानदाराचीही चूक असू शकते. पण तिन्ही दुकानांच्या तारखा सारख्या उशिराच्या दिसल्या तर काय ते समज. तू बहुधा तिमाही विवरणपत्र भरशील. त्यात चूक तीन महिने झाकून राहते, म्हणून हे आधीच बघितलेलं बरं.

फी किती द्यावी ते मी सांगत नाही. कशाकशाची ते मात्र कागदावर लिहून घे. महिन्याचं लिखाण, जीएसटी, वर्षाचं आयकर विवरण, नोटिशीचं उत्तर, बँकेचे कागद. "सगळं त्यातच" म्हणणारा नोटीस आली की वेगळं सांगतो. नात्यातला असेल तर नकोच. मामाच्या पोराला तू तारखा विचारू शकणार नाहीस, आणि तो दिवाळीला घरी येणार.

माझ्या आजोबांच्या वह्यांत दोन रकाने आहेत, एक हालीचा आणि एक कलदारचा. निजामाचा रुपया वेगळा, इंग्रजांचा वेगळा, सात हालीचे साधारण सहा कलदार. आजोबांना सहीपुरतंच लिहिता यायचं. पण दिवेलागणीला मुनीम कीर्द मोठ्याने वाचायचा आणि शेवटची ओळ ऐकल्याशिवाय आजोबा वही मिटू द्यायचे नाहीत. वडील सांगायचे, कुठे आकडा अडखळला तर आजोबा फक्त "परत" म्हणायचे. तुझ्या वकिलालाही महिन्यातून पंधरा मिनिटं असं बसव. माल किती गेला, कर किती, कुणाकडे किती उधारी. तुला समजेल असं त्याने सांगितलं पाहिजे, आणि नाही समजलं तर "परत".

तुझ्याकडूनही त्याला काही लागतं. रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, रात्रीच्या रात्री लिही, वहीत लिही नाहीतर मोबाईलवर. धंद्याचं खातं वेगळं ठेव, त्यातून घरचा किराणा भरू नकोस. एका दिवसात एकाला दहा हजारांच्या वर रोख दिलेस तर आयकरात तो खर्च धरत नाहीत. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाला त्यातून सूट आहे, पण ती सिद्ध करायला पट्टी आणि त्याची सही जवळ पाहिजे. तू सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत फाइल टाकलीस हे चांगलं केलंस. ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, ही रक्कम लहान नाही. पण ते अनुदान लगेच हातात येत नसतं. तीन वर्षं धंदा चालू आणि कर्जखातं सुरळीत असेल तेव्हाच ते कर्जात वळतं होतं. म्हणजे तीन वर्षं बँक तुझे आकडे बघत राहणार. हेही त्या वकिलाने सांगायला पाहिजे होतं. सांगितलं का?

मंगळवारी दुपारनंतर ये, बीट, म्हणजे मालाचा लिलाव, आटोपलेलं असतं. मशीनचं कोटेशन आण आणि चौकातल्या वकिलाकडे जाणाऱ्या दोन दुकानांची बिलं आण. आपण इथेच बसून तारखा बघू. तोवर मशीनवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस, तो कितीही फोन करू दे.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मोंढ्यातला काका