ग्रेन, ग्रॅम आणि हरभऱ्याचा दाणा

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून एका शिक्षकांनी विचारले आहे की, त्यांच्याकडे ‘छर्रा जड घेतला की एअर रायफलची पॉवर वाढते’ असे सर्रास म्हणतात. तर या ‘पॉवर’साठी शक्ती, ताकद, जोर आणि ऊर्जा यांपैकी कोणता शब्द योग्य, आणि छर्ऱ्यांच्या डबीवर छापलेले ‘ग्रेन’ म्हणजे ग्रॅमच ना?

नाही. ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे, आणि मी आधी याच प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ‘आठ ग्रॅमचा छर्रा’ हे शब्द नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या, त्यांच्या पालकांच्या आणि छर्रे विकणाऱ्या दुकानदारांच्याही तोंडून ऐकून माझे कान किटले आहेत. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४३ ग्रेन बसतात. ४.५ मिलिमीटर नळीच्या एअर रायफलचा नेहमीचा छर्रा सात-आठ ग्रेनांचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो. आठ ग्रॅम हे एके-४७ रायफलीच्या गोळीतल्या पुढच्या धातूच्या तुकड्याचे वजन झाले! घोटाळ्याचे मूळ डबीवरच आहे. ग्रेनचे संक्षिप्त रूप म्हणून तेथे ‘जी’ आणि ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे छापलेली असतात आणि आपण ती सवयीने ग्रॅम म्हणून वाचतो.

‘छर्रा’ या शब्दापाशी फार थांबण्याचे कारण नाही. तो हिंदीतही आहे, आपल्याकडेही आहे, आणि छर्र असा आवाज करीत उडणाऱ्या बारीक शिशाला तो शोभतो. खरी गंमत ‘ग्रेन’मध्ये आहे.

ग्रेन हा लॅटिन ‘ग्रानुम’ म्हणजे दाणा या शब्दापासून आला. ग्रॅमचा या दाण्याशी काडीचाही संबंध नाही. तो ग्रीक ‘ग्राम्मा’पासून आला, त्याचा अर्थ लिहिलेली खूण, अक्षर, आणि पुढे एक लहान वजन. फ्रान्सने १७९५ मध्ये त्याला दशमान पद्धतीत बसवले. म्हणजे एक शब्द शेतातला आणि दुसरा पाटीवरचा. आता कृषी विभागाच्या इंग्रजी पत्रकांत हरभऱ्याला ‘बेंगॉल ग्रॅम’ आणि तुरीला ‘रेड ग्रॅम’ म्हणतात, तो ग्रॅम कोणता? तो वजनाचा ग्रॅम नव्हेच. पोर्तुगिजांनी दाण्याला वापरलेला, त्याच ‘ग्रानुम’पासून उतरलेला शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलला आणि हरभऱ्याला चिकटवला. त्यामुळे छर्ऱ्याच्या डबीवरच्या ग्रेनचा सख्खा भाऊ शोधायचा असेल तर तो वजनकाट्यावर सापडत नाही, तो आपल्या रब्बीच्या वावरात घाटे धरून उभा आहे. हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

याच ‘ग्रानुम’चे संस्कृतातले भावंड ‘जीर्ण’ हे आहे, असे तौलनिक भाषाशास्त्रात सहसा मानले जाते. मतभेद आहे तो मूळ अर्थाबद्दल. काही अभ्यासक सांगतात की या दोन्ही शब्दांच्या धातूचा, म्हणजे मूळ क्रियापदाचा, अर्थ झिजणे, घासले जाणे असा असल्यामुळे दाणा म्हणजे ‘भरडला जाणारा’. मला हे अजिबात मान्य नाही, आणि असे म्हणणाऱ्यांनी पीक उभे असताना शेत पाहिलेले नाही असेच मला वाटते. दाणा जात्यात जाण्याच्या पुष्कळ आधी दाणा झालेला असतो. शेतकरी घाटा दाताखाली धरून तो हिरवा आहे की भरला आहे हे ठरवतो, तेव्हा जाते त्याच्या मनातही नसते. त्याच धातूपासून ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरठ’ हे शब्द आले, आणि आपली मराठी हीच जोड आजही जशीच्या तशी बोलते: ज्वारी पिकते आणि केसही पिकतात, हातात आलेले ते पीक आणि थकलेला म्हातारा ते पिकले पान. ज्या भाषेत धान्याचे तयार होणे आणि माणसाचे वय होणे एकाच क्रियापदात मावते, त्या भाषेच्या माणसाला ‘ग्रानुम’ म्हणजे ‘पिकलेला’ हे पटवून द्यावे लागत नाही. ‘पिकणे’ हा शब्द ‘पक्व’वरून आला, जीर्णवरून नव्हे, हे मला ठाऊक आहे, मी बोलतो आहे ते अर्थाच्या वाटेबद्दल, आणि ती वाट तीच आहे.

दाण्याने वजन करण्याची रीतही दोन्हीकडची सारखीच. इंग्रजांचा ग्रेन जवाच्या दाण्यावर बेतलेला, आणि मनुस्मृतीच्या ८व्या अध्यायात सहा मोहऱ्यांचा एक जव व तीन जवांची एक गुंज असे कोष्टक आहे. म्हणूनच ‘एक ग्रेन म्हणजे एक गुंज’ असे बेधडक लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनांचा ठरवला. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा, या हिशेबाने मासा १५ ग्रेनांचा आणि गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जास्त भरते. त्यामुळे ७.५ ग्रेनांचा छर्रा म्हणजे बरोबर अर्धा मासा, चार गुंजा.

हे पडताळण्यासाठी मी तालुक्याच्या गावी एका म्हाताऱ्या सोनारांकडे गेलो. त्यांच्या पेटीतल्या जुन्या तराजूच्या एका पारड्यात असा एक छर्रा ठेवला आणि दुसऱ्यात बांधावरच्या वेलीच्या लाल-काळ्या गुंजा एकेक करून टाकल्या. चार टाकल्या तरी छर्ऱ्याचे पारडे खालीच राहिले. पाचवी टाकताच गुंजांचे बसले. मी गोंधळलो, तेव्हा ते म्हणाले, “गुंज वेलीले लागते भाऊ, रती तं पितळेची रायते.” झाडावरची गुंज कमी-जास्त भरते, वजनातली गुंज, म्हणजे रती, ठरलेली असते, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आता ‘पॉवर’. शालेय विज्ञानात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. छर्रा नळीतून सुटताना जे घेऊन जातो ती ऊर्जा आहे, आणि ती जूलमध्ये मोजतात. बोलताना ‘जोर’ म्हणायला माझी हरकत नाही, लिहिताना मात्र ‘ऊर्जा’च लिहावे. ही ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येणारी संख्या, म्हणून केवळ जड छर्रा घेतल्याने ती वाढेल असे म्हणता येत नाही. समजा, ०.४५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर ऊर्जा ९ जूल झाली. त्याच बंदुकीत ०.६ ग्रॅमचा छर्रा घातला आणि वेग १७३ मीटरांवर आला, तर ऊर्जा जवळपास तेवढीच राहील. १७० वर उतरला तर ती ८.७ जूलच्या आसपास येईल, आणि १८० राहिला तर ९.७ होईल.

यांपैकी काय घडेल ते बंदुकीच्या जातीवर अवलंबून आहे. आधीच दाबून भरलेल्या हवेच्या बंदुकीत जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, हवा त्याला तेवढा वेळ रेटत राहते, आणि वेग घटूनही ऊर्जा बहुधा वाढते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीत हवेचा दाब क्षणभरच टिकतो. छर्रा फार जड असेल तर तो बाहेर पडण्यापूर्वीच दट्ट्या मागे उसळतो आणि जोर वाया जातो. फार हलका असेल तर तो लवकर निसटतो आणि दट्ट्या पुढे जाऊन आपटतो, त्यात बंदूकच खराब होते. ज्वारीच्या मचाणावरून गोफण फिरवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: ढेकूळ हलके असले तर हात रिकामाच जातो, धोंडा मोठा असला तर हात अडतो, म्हणून तो आपल्या हाताला बसेल असा गुंडा वेचून ओच्यात ठेवतो. जड छर्ऱ्याचा एक गुण मात्र खरा आहे. घाट तोच असेल तर हवेत त्याचा वेग सावकाश उतरतो, म्हणून दूरच्या निशाण्यापर्यंत तो आपली ऊर्जा अधिक राखून पोहोचतो. ‘पॉवर वाढली’ असे म्हणणाऱ्यांनी बहुधा हेच पाहिलेले असते.

खोक्यावर ‘१००० फूट’ असा जो आकडा असतो तो वेगाचा आहे, ऊर्जेचा नव्हे, आणि तो बहुधा सर्वांत हलक्या छर्ऱ्याने काढलेला असतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये विनापरवाना एअर रायफलसाठी नळीच्या ४.५ मिलिमीटर व्यासाबरोबर जी मर्यादा घातली आहे ती २० जूल, म्हणजे ऊर्जेची आहे. ७.७ ग्रेनांचा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने सुटला की ती मर्यादा गाठली जाते. हाच हिशेब गुरुजींनी फळ्यावर ‘८ ग्रॅम’ धरून करून दाखवावा. उत्तर ३२० जूल येईल, आणि ग्रेनला ग्रॅम का म्हणू नये हे मुलांना तेथेच दिसेल.