ठासणीची रायफल शिकायची? आधी जुनीला नवा दस्ता बसव

ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची रायफल. पहिलीच रायफल कोऱ्या सुट्या भागांतून जुळवायला जाऊ नकोस. लाकडी दस्ता तडकलेली पण नळी आणि चाप-घोडा धड असलेली जुनी ठासणीची घे. १९७० च्या दशकातल्या प्रतिकृती अमेरिकेत अजून मिळतात. अस्सल अठराव्या शतकातली पेन्सिल्व्हेनियाची लांब रायफल हाती लागली, तर मात्र तिला पटाशी लावायची नाही. ती जपायची वस्तू.

घरी आणल्यावर पहिलं काम: गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण कर, मग खूण तोंडाशीच धरून तोच गज नळीला बाहेरून लावून बघ. गजाचं टोक नळीच्या मागच्या टोकाच्या बरंच अलीकडे राहिलं तर आत जुना बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, असू शकतो. मग जाणकाराकडे ने, स्वतः उचकटू नकोस.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. मेपल किंवा अक्रोड घे. मनगटाशी, म्हणजे दस्ता बारीक होतो तिथे, रेषा लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या असतील तर तिथेच मोडणार.

आधी नळी बसव, मग लॉक (घोडा आणि ठिणगी पाडायची यंत्रणा), चाप त्यानंतर. नळीला काजळी फास, खाचेत दाब, उचल. काळं उमटेल तेवढंच खरवड. कंटाळवाणं आहे, पण सगळी विद्या यातच आहे. लॉक बसवताना नळीतलं बत्तीचं भोक (आग आत शिरते ते छिद्र) रंजकाच्या वाटीशी, म्हणजे पेटवायची दारू ठेवतात त्या लॉकवरच्या वाटीशी, नीट जुळतंय ना, ते लॉकच्या स्क्रूंची भोकं पाडण्याआधी तपास. जवसाच्या तेलाचे हात शेवटी, पातळ. घाईने जाड थर दिलास तर चिकट राहतो.