मुलाखतीचे पत्र आले, पण खर्चाचे काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण करून घरीच आहे. आता बुटीबोरी एमआयडीसीतील एका कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावले आहे. जाण्या-येण्याचे भाडे, आदल्या रात्रीचा मुक्काम, बरे कपडे, आणि नोकरी लागलीच तर खोलीचे डिपॉझिट, मेस, सेफ्टी शूज असा हिशेब मांडला, तर कापूस विकला जाईपर्यंत एवढी रक्कम उभी करणे आम्हाला शक्य नाही. गावाजवळच्या एका ऑनलाइन सेंटरवर ‘बेरोजगार भत्त्या’चा फॉर्म भरण्यासाठी पैसे मागत आहेत. अशा खर्चासाठी सरकारकडून खरोखर काही मिळते का?
— एक पालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : सर्वप्रथम, त्या सेंटरवर एक रुपयाही देऊ नका. सर्व बेरोजगारांना सरसकट दरमहा भत्ता देणारी योजना महाराष्ट्रात नाही, आणि जी योजनाच नाही तिचा फॉर्म भरण्याचे पैसे घेणे ही सरळ फसवणूक आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात जा. मुलाचे नाव ‘महास्वयम्’ पोर्टलवर नोंदवणे मात्र आवश्यक आहे. ती नोंदणी विनामूल्य आहे आणि यवतमाळच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात त्याबाबत मार्गदर्शन मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खाजगी कंपनीच्या मुलाखतीला जाण्याचे भाडे देणारी शासकीय योजना नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या मुलाखतीला जाणाऱ्या बेरोजगार तरुणांना पूर्वी रेल्वेभाड्यात सवलत असे. मार्च २०२० मध्ये दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती वगळता इतर सवलती थांबवण्यात आल्या, त्यात तीही गेली. त्यामुळे आपल्यासाठी पहिले काम म्हणजे मुलाखतीचे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे. प्रवासखर्च मिळणार की नाही, हे बहुधा तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते. मिळणार असेल तर मूळ तिकीट आणि पासबुकाची झेरॉक्स मागतात. एसटीच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरे खिशातल्या घामाने आणि उन्हाने पुसट होतात, म्हणून तिकीट हाती पडताच त्याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि ते फाइलमध्ये ठेवावे. पत्रात काहीच लिहिलेले नसेल, तर मुलाने कंपनीत फोन करून मुलाखत दुपारी ठेवता येईल का, एवढे विचारावे. पहाटेच्या गाडीने निघून वेळेत पोहोचता आले तर मुक्कामाचा खर्च वाचतो, आणि हे विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

खरी अडचण नोकरी लागल्यानंतर सुरू होते. मुलगा एक तारखेला कामावर रुजू झाला तरी पगार पुढच्या महिन्यात हाती येतो, आणि तोपर्यंत खोली, मेस, येणे-जाणे सगळे घरच्या पैशांतून करावे लागते. खेड्यातली अनेक मुले नेमकी याच काळात हातची नोकरी सोडून परत येतात. गावात म्हणतात, पोराचे मन लागले नाही. बहुतेक वेळा खरे कारण खिसा रिकामा होणे हेच असते. हा महिना-दीड महिना कसा काढायचा, याची तजवीज मुलाखतीआधीच करून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी उपयोगी पडतील अशा योजना तीन आहेत. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांना आस्थापनेत प्रत्यक्ष काम करताना विद्यावेतन मिळते: बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. आपल्या मुलाला ८,००० रुपयांच्या गटात अर्ज करता येईल. सध्या कोठे जागा आहेत, हे यवतमाळच्या केंद्रात विचारावे. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ नोकरी किंवा शिक्षण चालू नसलेल्या उमेदवारांना दरमहा ५,००० रुपये आणि रुजू होताना एकरकमी ६,००० रुपये अशी तरतूद आहे. आपण लिहिलेल्या खर्चाच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. मात्र तिचे अर्ज ठरावीक काळातच उघडतात. तिसरी योजना दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना. ग्रामीण गरीब कुटुंबांतील तरुणांसाठीच्या या मोफत प्रशिक्षणानंतर नोकरी लागली, की सुरुवातीच्या खर्चासाठी दरमहा १,००० रुपये देण्याची तरतूद तिच्या मार्गदर्शक सूचनांत आहे: नोकरी जिल्ह्यातच असेल तर २ महिने, जिल्ह्याबाहेर पण राज्यात असेल तर ३ महिने आणि राज्याबाहेर असेल तर ६ महिने. रक्कम लहान आहे, पण पगार होईपर्यंत मेसचा काही भाग तरी तिच्यातून निघतो. प्रशिक्षण घेतलेल्या अनेकांना हा हक्क ठाऊकच नसतो, म्हणून प्रशिक्षण संस्थेकडे तो लेखी मागावा.

इथे एक सावधगिरी फार मोलाची आहे. शासनाची अशी रक्कम बहुधा आधार क्रमांकाशी शेवटच्या वेळी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. आपण फॉर्मवर कोणते खाते लिहिले, याला तिथे अर्थ राहत नाही. पुष्कळ मुलांचे आधार शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याशी जोडलेले असते, आणि दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झाल्यामुळे ते खाते निष्क्रिय झालेले असते. मग ‘पैसे मंजूर झाले, पण आले नाहीत’ म्हणून महिनोन्महिने हेलपाटे सुरू होतात. मुलाला आजच बँकेत पाठवून आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे ते पाहून घ्या. निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही.

सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे यांसाठी आपण वेगळे पैसे साठवण्याचे कारण नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० प्रमाणे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी आणि आरोग्यासाठी जे पुरवायचे, त्याचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. त्यासाठी कायद्याने करायच्या वैद्यकीय तपासणीचाही नाही. कंत्राटदार पहिल्या पगारातून बुटांचे पैसे कापत असेल तर पगारपत्रकाची प्रत मागून घ्यावी आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी.

एवढे करूनही रक्कम कमी पडेल. तेव्हा सावकाराकडे जाण्याआधी घरातील कोणी बचत गटात असल्यास गटाचे अंतर्गत कर्ज मागावे. कारण म्हणून ‘घरखर्च’ न लिहिता मुलाखत आणि नोकरीवर रुजू होणे हेच लिहावे, आणि परतफेडीचा पहिला हप्ता पहिल्या पगारानंतरचा ठेवावा. ब्रिटनमधील रोजगार कार्यालयांत नोकरी शोधणाऱ्याच्या मुलाखतीचा प्रवास किंवा कामाचे कपडे अशा खर्चासाठी सल्लागाराच्या अधिकारात मदत देणारा निधी आहे. आपल्याकडे जिल्हा नियोजन समितीने रोजगार केंद्राच्या हाती असा छोटा निधी ठेवला, तर किती तरी मुलांच्या नोकऱ्या टिकतील. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून पुढे गेली पाहिजे.

प्रश्न : मी बी.ए. झाले असून स्पर्धा परीक्षा देते. प्रत्येक भरतीचे शुल्क आणि नागपूरच्या केंद्रापर्यंतचा प्रवास यांतच वडिलांच्या मजुरीचे पैसे जातात. मी अनुसूचित जातीची आहे. काही सवलत आहे का?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : आहे, पण ती परीक्षेगणिक वेगळी आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना महिलांना शुल्कच नाही. रेल्वे भरती मंडळ आपल्याकडून २५० रुपये घेते आणि पहिल्या संगणकीय परीक्षेला बसल्यावर बँक शुल्क वजा करून ते परत करते. परीक्षेला न गेल्यास मात्र पैसे परत मिळत नाहीत. याच परीक्षेसाठी अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना शयनयान वर्गाचा मोफत रेल्वे प्रवास मिळतो. त्यासाठी अर्ज भरतानाच पासचा पर्याय निवडून जातीचे प्रमाणपत्र अपलोड करावे लागते, नंतर ते करता येत नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. राज्याच्या भरतीत मात्र दिलासा फार थोडा आहे: २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या वर्गाला १,००० आणि राखीव वर्गाला ९०० रुपये शुल्क होते, आणि हे गरिबांच्या मुलांवर अन्यायकारक आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. म्हणून ज्या परीक्षेचा अभ्यास खरोखर झाला आहे, तिचाच अर्ज भरावा. अनुसूचित जातींसाठीच्या पुण्याच्या बार्टी संस्थेच्या विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या जाहिरातीही नियमित पाहाव्यात. इतर मागासवर्गीय, विमुक्त व भटक्या जमातींच्या वाचकांसाठी नागपूरची महाज्योती, तर मराठा व कुणबी वाचकांसाठी सारथी तशीच सोय करते.

प्रश्न : पुण्याजवळच्या कारखान्यातून कामगार कपात झाल्याने मी गावी परतलो आहे. पगारातून ईएसआयसी कापली जात होती. दुसरी नोकरी मिळेपर्यंत काही आधार मिळेल का?
— एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नेमकी यासाठी आहे. पात्र विमाधारकाला सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आयुष्यात एकदा मिळते. शिस्तभंगामुळे काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती मिळत नाही, म्हणून कपातीचे पत्र कंपनीकडून लेखी घ्या. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते. तेव्हा विमा क्रमांक, आधार आणि पासबुक घेऊन जवळच्या ईएसआयसी शाखा कार्यालयात लवकरात लवकर जा आणि तिथे अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.