लोकगीते वेगवेगळ्या स्वरांत एकत्र गाणारा छोटा गट कसा जमतो?

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या वाडीत आम्ही पाच जण अशी गाणी म्हणतो, म्हणून आमची हकिगत सांगतो. गट काढायचा असे कोणीच ठरवले नव्हते.

चतुर्थीला वाडीतील मंडळी घरोघर आरत्या म्हणत फिरतात, तेव्हा पेटी माझ्याकडे असते. पट्टी, म्हणजे गाण्याचा आधाराचा ‘सा’, पुरुषांच्या सोयीची, काळी एक (पेटीची पहिली काळी), धरली जाते; बायकांना ती खाली पडते आणि वरच्या सप्तकात घ्यावी तर गळा चढत नाही. शेजारच्या काकी आणि त्यांची सून मात्र गप्प न राहता तीच चाल पंचमावरून, म्हणजे ‘प’ हाच ‘सा’ धरून, म्हणत. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, आणि ती तर त्यांची नेहमीची पट्टी! पाच-सहा वर्षे मी याला चूक समजत होतो, याचे आज वाईट वाटते.

विसर्जनानंतर त्या दोघींना आणि मृदंग वाजवणाऱ्या माझ्या भावाला आमच्या खळ्यात बसवून तेच मुद्दाम गाऊन पाहिले. चालीत शुद्ध निषाद (नी) आला की पंचमावरून गाणाऱ्यांच्या गळ्यातून तीव्र मध्यम (चढा म) निघे आणि तो कानाला खटके. वाट दाखवली ती गोव्यात नोकरी करून आलेल्या आमच्या भाच्याने. तेथे मांडो हा कोंकणी गीतप्रकार दोन आवाजांत गातात आणि दुसरा आवाज बहुधा पहिल्यापासून तिसऱ्या स्वरावर चालतो, हे त्याने अनेकदा ऐकले होते. दुसऱ्या आवाजाने गाण्यात आहेत तेवढेच स्वर घ्यायचे, बाहेरचा घ्यायचा नाही, एवढे बंधन आम्ही घालून घेतले.

सा, रे, ग, प, ध एवढ्याच स्वरांत फिरणाऱ्या फुगडीच्या गाण्यांना ही रीत फार शोभते. मधला एक स्वर गाळून त्याखालचा घ्यावा: षड्जाला खालचा पंचम, पंचमाला रिषभ, धैवताला गंधार. एका गंधाराचा अपवाद सोडला, तर प्रत्येक जोडीत षड्ज-मध्यमाचाच संवाद, म्हणजे सा आणि म यांच्यातील अंतराचा मेळ, मिळतो. गंधाराखाली षड्ज येतो आणि तेथे पेटी आड येते, कारण पेटीचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. एकट्या गळ्याला हा फरक फारसा जाणवत नाही; दोन आवाज एकत्र लागले की जाणवतो. म्हणून सरावाला मी पेटी बंद ठेवून तंबोराच लावतो.

आपण गट जमवणार असाल, तर ज्यांना गावातील प्रचलित पट्टी झेपत नाही, अशांना आधी विचारावे, असे मला मनापासून वाटते. मूळ चाल मात्र एकाच पक्क्या गळ्याकडे ठेवावी. आमच्याकडे ती सूनबाईंकडे आहे.

जात्यावरच्या ओव्यांना आम्ही दुसरा आवाज लावलेला नाही. ओवीची ओळ गाणारीच्या श्वासाप्रमाणे लांबते-आखडते, तिला जोडीने धरता येत नाही. त्या काकी एकट्या म्हणतात आणि आम्ही चौघे खाली नुसता षड्ज धरून बसतो.