पंधरा जणांच्या ट्रिपसाठी घरी स्वस्त, हलकी बिअर बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की पानशेतला पंधरा जण जाणार आहात, हातात महिना आहे, बिअर घरीच करायची आहे, ती स्वस्त पडली पाहिजे आणि एरवी बिअर न पिणाऱ्यांच्याही घशाखाली उतरेल इतकी हलकी हवी.

कडू गोष्ट आधी. पुण्यात घरी बिअर करणं गुन्हा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजे आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, परवान्याशिवाय मद्य बनवू देत नाही. ‘घरच्यापुरतीच केली, विकायची नव्हती’ ही सबब चालत नाही. गंमत बघा, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच बिअर बनवून विकणारी छोटी भट्टी) एक २००९ मध्ये निघाली ती आपल्या पुण्यातच. डूलाली तिचं नाव, आणि हा शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. पण तो सगळा रीतसर परवान्याचा मामला.

मी हा उद्योग केला तो ओहायोत नोकरीला होतो तेव्हा. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. मी आणि बायको मिळून त्याच्या जवळपासही कधी पोचलो नाही.

स्वस्त आणि हलकी म्हणजे सोपी, असं मलाही वाटायचं. आहे नेमकं उलटं. काळ्या, कडवट बिअरमध्ये चुका दडतात, तर्रीखाली कच्ची मटकी दडते तशा. हलकी बिअर म्हणजे बिनफोडणीचं वरण. डाळ कशी आहे ते पहिल्या घासाला कळतं. त्यात खरी लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली बिअर, करायची तर यीस्टला दहा-बारा अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि वर काही आठवडे थंडीत मुरवणं. म्हणून मी एल यीस्ट, म्हणजे जरा उबदार हवेत काम करणारं यीस्ट, वापरून लागरसारखी लागणारी बिअर करायचो.

१९ लिटरला तीन किलो फिकट बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि ७०० ग्रॅम जाड पोहे. हो, पोहेच. अमेरिकन कंपन्या बिअर हलकी करायला तांदूळ किंवा मका घालतात, पण कच्चा तांदूळ आधी पेजेसारखा शिजवून घ्यावा लागतो. पोह्यांचा स्टार्च ते बनतानाच शिजलेला असतो, थेट माल्टबरोबर टाकले की झालं. इंडियन स्टोअरमधली ती पिशवी बघून दुकानदाराने एकदा विचारलंही, एवढा नाश्ता कोण करतं म्हणून. हे सगळं मोठ्या कापडी पिशवीत बांधून ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. तापमान तीन-चार अंशांनी जरी चढलं तरी बिअर जडसर होते. मग पिशवी वर टांगायची, श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी, आणि खालच्या पातेल्यात गोड पाणी ठिबकत बसायचं. घरभर भाजलेल्या बिस्किटांसारखा वास. ते पाणी तासभर उकळायचं, उकळी फुटली की २० ग्रॅम सौम्य हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) घालायच्या, जास्त नाही. मग बर्फाच्या टबात पातेलं ठेवून झटपट गार करायचं आणि यीस्ट टाकायचं. इथून पुढे जे जे बिअरला लागेल ते निर्जंतुक हवं, चमचासुद्धा.

दोन आठवडे १८ अंशांच्या आसपास. पुण्यात डिसेंबरात कोपऱ्यातल्या खोलीत जमलंही असतं, एप्रिलमध्ये नाव काढू नका. पंचविशीच्या वर गेलं की यीस्ट फळांचे, कधी कधी थिनरसारखे वास सोडतं. पुढे बाटल्यांत भरून आणखी दोन आठवडे. म्हणजे तुमचा महिना इथेच संपला, आणि सगळं पहिल्याच खेपेला जमलं असं धरून.

आता ट्रिपचं. आम्हीही एकदा जुलैत तळ्याकाठी चोवीस बाटल्या घेऊन गेलो होतो. गॅससाठी ३५५ मिलीच्या बाटलीत साखर लागते जेमतेम अर्धा चमचा. मी काही बाटल्यांत भरगच्च चमचा टाकला होता, जरा फसफसू दे म्हणून. एक बाटली डिकीतच फुटली. उरलेल्यांच्या तळाचा यीस्टचा गाळ वाटेतल्या धक्क्यांनी ढवळला गेला होता आणि ऊन होतंच. पहिली उघडली तिचं कारंजं थेट बटाटेवड्यांच्या ताटावर. वडे पुसून खाल्ले, बिअर मात्र ताकासारखी गढूळ होती. तुमचा पानशेतचा रस्ता काही यापेक्षा सपाट नाही.

स्वस्ताईचंही मनातून काढा. पातेली, थर्मामीटर, नळ्या, बाटल्या धरल्या तर पहिली खेप विकतच्यापेक्षा महागच पडते.

तुमच्या जागी मी दुकानातून माइल्ड बिअर घेईन. लेबल नीट वाचा, आपल्याकडे खपते ती बहुतेक स्ट्राँग. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आतलंच घ्या. ६५० मिलीच्या आठ बाटल्या पंधरा जणांना पुरतात, कारण तितकंच लिंबू-आल्याचं सरबत त्यात मिसळायचं. जर्मन लोक याला राडलर म्हणतात, इंग्रज शँडी. अल्कोहोल निम्म्यावर येतं आणि बिअर न आवडणारेही ग्लास पुढे करतात.

अर्धा लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम साखर आणि ठेचलेलं छटाकभर आलं उकळा, गार होऊ द्या, गाळा. त्यात बारा लिंबांचा रस. पाक गरम असताना पिळलात तर कडवट लागेल. हा अर्क बाटलीत भरून घरून न्या. सोडा तिथे, प्यायच्या वेळी, सव्वाचार लिटरच्या आसपास. सगळं बर्फगार हवं. ग्लासात आधी सरबत, मग बिअर, ग्लास तिरका धरून, हळू.

गाडी चालवणाऱ्यांना नुसता अर्क आणि सोडा द्या. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, निम्म्या अल्कोहोलच्या भरवशावर राहू नका. गटात २१ च्या खालचं कोणी असेल तर त्यांनाही तेच. आणि ग्लास काढायचे ते धरणाच्या काठावर नव्हे, मुक्कामाच्या जागी, मालकाला आधी विचारून. माझा एक मित्र अर्कात चिमूटभर काळं मीठ टाकतो. मला नाही आवडत, पण त्याचा ग्लास नेहमी आधी संपतो.