पायथन २.७ मधला जुना कोड ३ वर न्यायचा आहे. कोणते बदल माहीत असायला हवेत?

प्रिंटला कंस, युनिकोड वगैरे तुम्ही वाचलंच असेल. एरर देणाऱ्या बदलांचं टेन्शन घेऊ नका, ते स्वतःच बोंब मारतात. घात करतात ते गप्प बसणारे.

१ जानेवारी २०२० ला पायथन २ चा सपोर्ट संपणार होता, म्हणून २०१९ च्या शेवटी आम्ही एका दूध संस्थेचं बिलिंग ३ वर नेलं. टू-टू-थ्री (२ चा कोड आपोआप ३ चा करणारं टूल) चालवलं, प्रोग्राम सुरळीत. मी म्हटलं, जुनी बिलं दोन्ही व्हर्जनवर काढून ताडून बघू. सिनियर म्हणाले, "एरर येतेय का? नाही ना? मग कशाला वेळ घालवतोस?"

पहिल्याच दहा दिवसांच्या बिलाला एक आजी पावती घेऊन संस्थेत हजर. ५१ लिटर, दर २७.५०, म्हणजे १४०२.५०. हातात पडले १४०२. शेजारणीचं ५३ लिटर, १४५७.५०, तिला मिळाले १४५८. "तिच्या गाईचे आठ आणे चालतात, माझ्या गाईचे नाहीत व्हय?"

पायथन २ चा राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारं फंक्शन, अर्ध्याला वर ढकलायचा. ३ चा राउंड जवळच्या सम संख्येकडे जातो. टू-टू-थ्री त्याला हातही लावत नाही. भागाकाराचंही तेच: ७/२ पूर्वी ३ यायचे, आता ३.५ येतात, जुनं उत्तर हवं तर दोन तिरप्या रेघा. वजनकाट्यावरून सिरियल पोर्टने येणारं रीडिंग ३ मध्ये बाइट्स (कच्चा डेटा, मजकूर नव्हे) असतं. त्याची स्ट्रिंगशी तुलना केली की मुकाट फॉल्स येतं आणि तुम्ही काट्याची वायर हलवत बसता.

पैशांसाठी डेसिमल (दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार) वापरा, राउंड-हाफ-अप लावून, म्हणजे अर्धा नेहमी वर. आकडा स्ट्रिंगमधून द्या, फ्लोटमधून नको, त्यात दशांश अंदाजे साठवले जातात.

आता खरं सांगायचं तर सम संख्येची पद्धत चुकीची नाही, हजारो बिलांच्या बेरजेत ती उलट कमी घसरते. पण संस्थेचा नियम होता पन्नास पैशांना पूर्ण रुपया. आणि राउंड बदललाय हे मलाही ठाऊक नव्हतं, नुसती शंका होती.

तरी मेलमध्ये चूक माझ्या नावावर गेली. म्हणून ताडून बघायला वेळ मागाल तो लेखी मागा. त्या रात्री मी घरी बसून ती तुलना केलीच. बावीस ओळींची स्क्रिप्ट, चार मिनिटांत सगळी बिलं.