गोधडीवर नाव का नसते?

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

इथे अमेरिकेत क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखी थरांची पांघरुणे, शिवणाऱ्यांची जी संघटना आहे, त्या गिल्डच्या प्रदर्शनात पांढरे हातमोजे घातलेल्या बाई क्विल्टची कड उचलून मागची बाजू दाखवत होत्या, तेव्हा तिथे शिवलेल्या कापडी पट्ट्या तू एकेक करून वाचल्यास. करणारीचे नाव, गाव, वर्ष आणि ती क्विल्ट कोणासाठी केली, एवढे सगळे त्यांवर लिहिलेले होते. त्यावरून तू मला विचारलेस की आपल्या घरी पणजीची जी गोधडी आहे तिच्यावर कोणाचेच नाव का नाही, आणि मराठी बायका इतक्या गोधड्या शिवत होत्या तर त्यांची अशी एखादी गिल्ड का नव्हती. परतीच्या वाटेवर मी तुला जे सांगितले ते अपुरे होते. हा प्रश्न नीट उत्तर देण्याच्या योग्यतेचा आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी इथल्या गिल्डविषयी सांगते. तू तिच्या सभांना माझ्याबरोबर येतेस, पण मोठी माणसे तिच्यात कशासाठी येतात हे तुला कोणी सांगितलेले नाही. दर महिन्याला चर्चच्या सभागृहात सभा भरते, मागच्या सभेचे इतिवृत्त आणि जमाखर्च वाचला जातो, कधी बाहेरगावची एखादी शिक्षिका येऊन नवे तंत्र शिकवते. या सगळ्यानंतर तो भाग येतो ज्याची सगळ्याजणी वाट पाहत असतात. ज्यांची क्विल्ट पूर्ण झाली असेल त्या ती घेऊन पुढे येतात, दोघीजणी दोन्ही टोके धरून ती उंच करतात आणि करणारी तिची हकीकत सांगते. मला या हकीकतींमध्ये नेहमी जाणवते ते असे, की टाके आणि रंग यांविषयी बोलणे थोडक्यात आटपते आणि माणसांविषयीचे बोलणे लांबते. कोणी वारलेल्या नवऱ्याच्या सदऱ्यांची क्विल्ट केलेली असते, कोणी नातवाच्या लग्नासाठी, कोणी आईच्या अर्धवट राहिलेल्या चौकोनांना पूर्ण रूप दिलेले असते. सभांखेरीज आठ-दहाजणींचे छोटे गट एकमेकींच्या घरी जमून शिवतात. सभासदांपैकी कोणी आजारी पडली तर प्रत्येकजण एक चौकोन शिवून देते, ते जोडून पांघरूण तयार होते आणि तिच्या घरी पोहोचते.

याच गिल्ड गावासाठीही शिवतात. रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी त्या लहान पांघरुणे करतात. आजारी किंवा संकटातील मुलांना पांघरुणे देणारी प्रोजेक्ट लायनस ही संस्था १९९५ मध्ये सुरू झाली, आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी क्विल्ट्स ऑफ व्हॅलर हे काम कॅथरीन रॉबर्ट्स यांनी २००३ मध्ये सुरू केले, तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा इराकमध्ये तैनात होता. देशभरातील गिल्ड या दोन्ही कामांना हात देतात. प्रदर्शनात आपण सोडतीची तिकिटे घेतली, ती ज्या क्विल्टसाठी होती ती अनेक सभासदांनी मिळून शिवलेली असते आणि जमणाऱ्या पैशांतून असले खर्च भागतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. या देशातल्या बायकांची नावेही सुरुवातीपासून लिहिली जात होती असे तू समजू नकोस. १८४० च्या दशकात मैत्रिणींनी आपापल्या चौकोनावर सही करून निघून जाणाऱ्या सखीला क्विल्ट देण्याची प्रथा येथे रुजली होती हे खरे, पण रोजच्या वापराच्या हजारो क्विल्टवर काहीच लिहिलेले नसे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, लोकांनी त्यांच्या रंगसंगतीची मोठी वाहवा केली, आणि तरीही त्यांपैकी बहुतेक कोणी शिवल्या हे कोणाला सांगता येत नव्हते. जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेला तो संग्रह आता आपल्याच नेब्रास्का राज्यात, लिंकन शहराच्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे. पुढे १९८१ मध्ये केंटकी राज्यात काही जणींनी ठरवले की लोकांनी आपापल्या घरच्या जुन्या क्विल्ट घेऊन यावे, त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत आणि घरात सांगितली जाणारी माहिती लिहून ठेवावी. त्यांचे पाहून एकामागून एक इतर राज्यांनीही हे काम हाती घेतले, आणि ठिकठिकाणच्या गिल्डच्या सभासदांनी त्यात आपले दिवसचे दिवस दिले. प्रत्येक क्विल्टच्या मागे पट्टी शिवलीच पाहिजे असा आग्रह आमच्या गिल्डमध्ये आज दिसतो, त्यामागे किती नावे कायमची हरवली हे कळल्याचे दुःख आहे.

आपल्याकडे नाव का नव्हते, हे समजण्यासाठी गोधडी कशी होत असे ते पाहावे लागेल. कोणी दुकानात जाऊन गोधडीसाठी कापड विकत आणत नसे. नऊवारी लुगडे नेसून, धुऊन विरले की त्याचे धड भाग निवडून बाजूला ठेवत, धोतरांचेही तसेच, आणि पुरेशी कापडे साठली की गोधडी घालायला काढत. वाळवा तालुक्यातील आपल्या गावी हे काम उन्हाळ्यात होई, कारण सुगी उरकलेली असे, पावसाची भीती नसे आणि अंगण कोरडे असे. जमिनीवर एक कापड ताणून अंथरायचे, कडांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा, त्यावर विरलेल्या कापडांचे थर एकसारखे पसरायचे, वरून त्यातल्या त्यात चांगले लुगडे घालायचे, आणि मग चारही कडांपासून धावदोरा घालत फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे यायचे. एकटीने हे काम करायला फार दिवस लागत, म्हणून दुपारी भाकरी-कालवण उरकले की शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसत. एक या कडेला, दुसरी त्या कडेला, आणि मध्ये जात्यावरच्या ओव्यांपासून सोयरिकींपर्यंत सगळे विषय. पुढच्या आठवड्यात त्या दोघींपैकी एकीच्या अंगणात हाच गट बसे. याचा हिशेब कोणी कागदावर ठेवत नसे, पण कोणाच्या घरी जाणे राहिले आहे हे सगळ्यांना ठाऊक असे.

तुझ्या आजोबांकडून तू इर्जिकीविषयी ऐकले आहेस. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले की शेजारी आपापली औते आणि बैल घेऊन त्याच्या रानात उतरत, मजुरी कोणी घेत नसे, आणि ज्याचे शेत असे तो सगळ्यांना जेवू घाली. अंगणातल्या गोधडीमागेही तीच रीत होती. या देशातही पूर्वी याहून वेगळे नव्हते. मोठी लाकडी चौकट मांडून शेजारणी तिच्या चारही बाजूंना बसत, दिवसभर टाके घालत, आणि रात्री जिच्या घरी काम असे तिच्याकडे सगळ्यांची जेवणे होत. आपल्या गिल्डमधील आजच्या छोट्या गटांना ‘बी’ म्हणतात, ते नाव त्याच बैठकांचे आहे.

तेव्हा मराठी बायकांची गिल्ड का नव्हती, याचे माझे उत्तर असे आहे. जोवर पांघरूण घरात शिवल्यावाचून मिळत नाही आणि शिवणाऱ्या सगळ्याजणी एकाच गल्लीत राहतात, तोवर नोंदणी, वर्गणी आणि सभेची तारीख यांची गरजच पडत नाही. पांघरुणे दुकानात मिळू लागली, माणसे दूरदूर राहू लागली आणि शिवणे ज्यांना मनापासून आवडते अशा बायका विखुरल्या, तेव्हा त्यांना एकमेकींना शोधून काढावे लागले. म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक गिल्ड १९७० च्या दशकात किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आहेत. गिल्ड नसणे म्हणजे एकत्र येणे नसणे, असे तू कधीही मानू नकोस. आपल्या बायकांकडे भजनी मंडळ होते, मंगळागौर होती, हादगा होता, भिशी होती, आणि गोधडीची दुपारही त्यांच्यासारखीच होती.

नावाचे कारण थोडे वेगळे आहे. जी वस्तू चौघींनी मिळून केली आणि जिच्यात सासूचे लुगडे, जावेचे लुगडे आणि आजेसासऱ्याचे धोतर एकत्र आहे, तिच्यावर एकीचे नाव घालणे कोणालाच सुचले नसते. शिवाय ती दाखवण्याची वस्तू नव्हती. ती रोज अंगावर घ्यायची, नवरात्राच्या आधी घराघरांतून दसरा काढत तेव्हा ती ओढ्यावर नेऊन धुवायची, आणि वरचे कापड फाटले की तिच्यावर नवा थर चढवायचा. बाळंतविड्यात कुंची, झबली आणि दुपट्याबरोबर लहान गोधडी जाई, तीही मुद्दाम जुन्या मऊ लुगड्याची, कारण नवे कापड तान्ह्याच्या कातडीला टोचते. त्या बाळाला पुढे कोणी सांगे, ही तुझ्या आजीच्या लुगड्याची. तेवढे सांगणारे माणूस घरात असेपर्यंत लिहिण्याची उणीव भासत नाही.

एवढेच सांगून थांबले तर मात्र तुला अर्धेच चित्र दिसेल. सगळ्या गोधड्या मैत्रिणींनी शिवलेल्या नव्हत्या. गावोगाव फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका होत्या आणि आजही पुण्यासारख्या शहरांत त्या दारावर येतात. त्या दिवसभर ओट्यावर बसून टाके घालत, आणि बदल्यात धान्य, जुने कपडे आणि थोडे पैसे घेऊन पुढच्या गावी जात. त्यांचा टाका घरच्या बायकांपेक्षा अनेकदा सरळ आणि बारीक असे, पण त्यांचे नाव घरातल्या कोणी विचारूनही ठेवले नाही. ज्या घरात गोधडी राहिली त्या घराचे नाव तिला लागले आणि जिच्या हाताने ती झाली ती बाई वाटेवरच राहिली. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, आणि आपल्या रीतींविषयी प्रेमाने बोलताना ती वगळू नये असे मला वाटते.

अलाबामातील गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांचे उदाहरण मला अशा वेळी आठवते. १९६६ मध्ये त्या भागातील बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली आणि आपल्या कामाला दाम मिळवला. पुढे २००२ मध्ये त्यांच्या क्विल्ट त्याच व्हिटनी संग्रहालयात लागल्या, आणि या वेळी प्रत्येक क्विल्टशेजारी करणारीचे नाव होते. २००६ मध्ये त्यांच्या क्विल्टची चित्रे टपाल तिकिटांवर आली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायकांचे घे. त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांना आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते आणि तिथून निसटून ते हल्याळ, यल्लापूरच्या जंगलांत वसले. त्यांच्या घरांत आजही कोकणी बोलली जाते. त्या जी गोधडी करतात तीही कडेपासून सुरू होऊन आत येते, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून त्या फुले बसवतात. फुलांवाचून गोधडी उघडी आहे, असे त्या मानतात. त्यांचे काम संग्रहालयांपर्यंत पोहोचले ते त्यांच्याजवळ बसून, विचारून, लिहून घेणारी माणसे भेटली म्हणून.

म्हणून मला वाटते की आपण पणजीच्या गोधडीला पट्टी लावावी. आपल्या रीतीत ते नव्हते, पण गोधडीची हकीकत सांगणारी माणसे आता आपल्या घरात एक-दोनच उरली आहेत आणि आपण त्यांच्यापासून समुद्रापलीकडे राहतो, तेव्हा रीतीत एवढी भर घालणे योग्यच आहे. पट्टीवर फक्त पणजीचे नाव मात्र घालू नये. ज्या ज्या बायका त्या अंगणात बसल्या त्यांची जेवढी नावे मिळतील तेवढी सगळी घालावीत, त्यांत कोणाची लुगडी आहेत तेही लिहावे, आणि एखादी बाई मोलाने येऊन शिवून गेली असेल तर तिचीही ओळ असावी. तिचे नाव सापडले नाही तर ती कोणत्या गावाहून येत असे, एवढे तरी लिहिता येईल. पट्टी पांढऱ्या सुती कापडाची घेऊ, अक्षरे देवनागरीत आणि न पुसणाऱ्या शाईची असतील, आणि ती मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मी बारीक टाक्यांनी बसवीन, म्हणजे जुन्या धावदोऱ्याला धक्का लागणार नाही.

हे सगळे कराडच्या आत्याला ठाऊक असण्याचा संभव आहे, कारण लहानपणी ती त्या अंगणात सुईत दोरा ओवून द्यायला बसत असे. रविवारी सकाळी इथे नऊ वाजतील तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि ती मोकळी असते. फोन तू कर. गोधडीचे फोटो तिला आधी पाठव, दोन्ही बाजूंचे आणि शिवाय हिरव्या काठाच्या त्या तुकड्याचा जवळून घेतलेला, कारण काठ पाहिला की लुगडे कोणाचे ते तिला लगेच आठवेल. ती सांगेल ते वहीत तिच्याच शब्दांत लिहून घे, आणि एखादे नाव कळले नाही तर संकोच न करता पुन्हा विचार.

तुझी,
आई